उसवण आणि जपणूक

मराठीत ‘छंद’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत आणि ते वरवर वाटतात तितके एकमेकांपासून दूर नाहीत. एक अर्थ पद्याच्या मापाचा, म्हणजे अक्षरांच्या ठरावीक आवर्तनाचा; दुसरा मनाने आपणहून लावून घेतलेल्या ओढीचा, जिच्यात पोटापाण्याचा हिशेब नसतो, तरी नेम असतो. ‘नाद’ हा याच्या शेजारचा शब्द, परंतु नादात माणूस वाहवत जातो आणि म्हणूनच घरातली वडीलधारी माणसे नादी न लागण्याविषयी बजावतात. छंदात मात्र मोजणी, पुनरावृत्ती आणि थांबण्याची जागा या तिन्ही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. सुयांवरचे लोकरीचे विणकाम, छायाचित्रण आणि संगणकावरची चिकटवही असे तीन छंद शनिवार-रविवारच्या सुट्टीत अनेक वर्षे एकत्र सांभाळताना जे उमगत गेले, त्याची मांडणी या लेखात केली आहे. त्यामागचा अनुभव प्रस्तुत लेखिकेचा आहे. तिचे आठवड्याचे उरलेले दिवस एका सहकारी बँकेच्या शाखेत हिशेब लिहिण्यात जातात आणि तिचे घर देवळाली प्रवरा येथे आहे.

नुसते ‘देवळाली’ म्हटले की महाराष्ट्रात बहुतेकांना नाशिकजवळचा लष्करी तळ आठवतो. प्रवरेचे नाव लावणारी ही देवळाली राहुरी तालुक्यातली, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली, नगरपरिषदेचे लहानसे गाव आहे. अकोले तालुक्यात सह्याद्रीत उगम पावणारी प्रवरा १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात अडते, पुढे कालव्यांनी शेतांत पसरते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. या पाण्यावर ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले आणि १९५० साली जवळच लोणी परिसरात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेल्यावर सोसायट्या, पतपेढ्या आणि बँका यांचे जाळे या मुलखात विणले गेले. सुट्टीची कल्पना अशा ठिकाणी सर्वांसाठी सारखी नसते. गळिताच्या हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारास कारखान्याचे बॉयलर पेटल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, ऊस रविवारसाठी थांबत नाही. तोड, वाहतूक आणि गाळप रात्रंदिवस चालू राहते, आणि गाईम्हशींच्या धारा तर वर्षभर दोन वेळा काढाव्याच लागतात.

ज्यांना रविवार मिळतो, त्यांना तो आपोआप मिळालेला नाही, हे इथे नमूद करणे आवश्यक वाटते. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या केल्या, त्यांत आठवड्यातून एक दिवस सुट्टीची मागणी होती आणि ती मान्य होण्यास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारची सुट्टी तर १ सप्टेंबर २०१५ पासून, म्हणजे अगदी अलीकडे मिळाली. त्यातही नोकरी करणाऱ्या बाईचा रविवार हा नहाण्याचा, दळणाचा, निवडण-टिपणाचा आणि पाहुण्यांचा दिवस असल्याने तिच्या वाट्याला प्रत्यक्षात दोनच मोकळ्या वेळा येतात: घर जागे होण्यापूर्वीची पहाट आणि दुपारची भांडी घासून झाल्यानंतरचे दोन-तीन तास. तीन छंदांची वाटणी याच हिशेबाने झाली. पहाट उजेडाची, म्हणून ती कॅमेऱ्याकडे गेली, दुपार सुयांकडे, आणि रात्री सगळे झोपल्यावर उरलेला वेळ संगणकाकडे.

या तिन्हींत काही साम्य शोधू गेल्यास ते सौंदर्याच्या ओढीपेक्षा चुकीशी असलेल्या संबंधात अधिक सापडते, असे अनेक वर्षांच्या सवयीनंतर लेखिकेचे मत झाले आहे. हिशेबनिसाच्या कामात चूक खोडता येत नाही. एखादी रक्कम चुकीच्या खात्यावर पडली, तर तिच्यावर रेघ न मारता तेवढ्याच रकमेची उलट नोंद करावी लागते, म्हणजे जमेच्या जागी नावे आणि नावेच्या जागी जमा टाकून पहिल्या नोंदीचा परिणाम शून्य करायचा आणि मग खरी नोंद करायची. परिणाम पुसला जातो, पण चूक दप्तरात कायम राहते, आणि तपासनिसाला ती कोणत्या तारखेला झाली व कोणत्या तारखेला सुधारली हे दोन्ही दिसते. पाच दिवस या शिस्तीत वावरणाऱ्या मनाला शनिवारी हातात सुया घेतल्यावर पहिला मोठा दिलासा मिळतो तो असा की, इथे चूक संपूर्ण उसवता येते.

मराठीत कापड विणणे आणि स्वेटर विणणे या दोन्हींसाठी क्रियापद एकच असल्यामुळे त्यांतला मूलभूत फरक सहसा लक्षात येत नाही. मागावरच्या विणकामात धाग्यांचे दोन संच लागतात, ताणलेले उभे आणि त्यांतून जाणारे आडवे, आणि कापड तयार झाले की ते पुन्हा धाग्याच्या रूपात परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. नगर जिल्ह्यातल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची जाडीभरडी, बहुतेक काळी लोकर चातीवर कातून, तिला चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणली जाते, ती या पहिल्या प्रकारची. सुयांवरच्या विणकामात मात्र आरंभापासून अखेरपर्यंत धागा एकच असतो. त्याचे फासे करून प्रत्येक नवा फासा आधीच्या फाशातून ओढून घेतला जातो, आणि म्हणून शेवटचा टाका मोकळा करून धागा ओढला की दोन महिन्यांचे काम दहा मिनिटांत पुन्हा गुंडा होऊन बसते. हा फासा पुढच्या बाजूने ओढला तर सुलट टाका, मागच्या बाजूने ओढला तर उलट टाका. खरे तर दोन्ही एकाच टाक्याच्या पाठपोट बाजू आहेत आणि सगळे नमुने, मग ते कितीही गुंतागुंतीचे दिसोत, या दोन टाक्यांच्या क्रमातून, त्यांच्या वाढवण्या-घटवण्यातून आणि अदलाबदलीतून निघतात. स्वेटरच्या काठाला एक सुलट, एक उलट असे टाके घालतात, कारण त्यामुळे तयार होणाऱ्या उभ्या पन्हळी ताणल्या जातात आणि सोडल्या की परत मिटतात.

ही दुसरी वीण या देशात युरोपीय माणसांबरोबर आली आणि मिशनरी बायकांनी चालवलेल्या मुलींच्या शाळांनी ती घरोघर नेली. या संदर्भात नगर जिल्ह्याचा इतिहास जवळचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले आणि सिंथिया फरार या शिक्षिकेने १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे मुलींच्या शिक्षणाला वाहून घेतले. जोतीराव फुले यांनी पुण्यातली मुलींची शाळा काढण्यापूर्वी फरारबाईंच्या शाळा पाहिल्या होत्या, आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही त्यांच्याकडे झाल्याचे सांगितले जाते. अशा शाळांतून वाचन-लेखनाच्या जोडीने शिवण-विणकाम शिकवण्याची पद्धत होती. मुलगी शिकते याला आक्षेप घेणाऱ्या घरांनाही तिने विणलेला पायमोजा चालत असे. हाताला काम मिळाले म्हणून अक्षराला वाट मिळाली, अशी ही घडामोड लेखिकेला फार मोलाची वाटते, आणि विणकामाकडे ‘रिकाम्या बायकांचा उद्योग’ म्हणून पाहणे अन्यायाचे आहे असे ती आग्रहाने म्हणू इच्छिते.

विणकामात सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत आवश्यक काम म्हणजे नमुन्याचा तुकडा विणून मोजणे. ४ मिलिमीटर जाडीच्या सुयांवर मध्यम लोकरीचे साधारण २२ टाके १० सेंटिमीटर रुंदी भरतात, असे छापील कृतीत गृहीत धरलेले असते. परंतु हाताची ओढ माणसागणिक वेगळी असते, आणि एकाच माणसाची ओढसुद्धा दिवसागणिक बदलते. लहान मुलाच्या स्वेटरचा छातीचा घेर ५६ सेंटिमीटर हवा असताना लेखिकेने तुकडा न विणता १२३ टाके घालून थेट सुरुवात केली होती. हात घट्ट होता, १० सेंटिमीटरमध्ये २२ ऐवजी २४ टाके बसत होते, आणि तयार घेर भरला जेमतेम ५१ सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरमागे दोन टाक्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण तो बाळाच्या डोक्यातून स्वेटर जाऊ देत नाही. ती चूक गळ्याचे टाके घटवताना, म्हणजे काम संपत आल्यावर कळली आणि सगळे उसवावे लागले. बँकेत हिशेबात दोन रुपयांचा फरक आला तरी मूळ सापडेपर्यंत उठायचे नाही, ही शिस्त ज्या हातांना होती, त्याच हातांनी दोन टाक्यांचा फरक सोडून दिला होता, हे तेव्हा मनाला फार लागले.

उसवलेला धागा मात्र पूर्ववत होत नाही, आणि या ठिकाणी विणकाम हिशेबाच्या वहीशी पुन्हा नाते सांगते. प्रत्येक टाक्याने धाग्याला दिलेली वळी त्यात टिकून राहते. तसाच धागा पुन्हा विणला तर टाके खडबडीत आणि असमान दिसतात. त्यासाठी खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लडी करतात, ती चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवतात आणि खाली हलके वजन लावून सावलीत टांगतात. मेंढीच्या खऱ्या लोकरीतल्या वळ्या या उपायाने निघून जातात. बाजारात ‘लोकर’ म्हणून जे विकले जाते, ते बहुधा ॲक्रिलिक, म्हणजे रसायनापासून केलेले तंतू असतात; त्यांना जास्त उष्णता लागली तर वळ्यांबरोबर त्यांचा जीवही जातो आणि विणलेला तुकडा कायमचा लुळा पडतो. म्हणून त्यांना इस्त्री लावू नये, नुसती लांबून वाफ द्यावी.

छायाचित्रणात उसवण नाही. जो क्षण टिपायचा राहिला तो राहिला, आणि जो हलून आला तो हललेलाच राहतो. डिसेंबर-जानेवारीत देवळालीच्या आसपास पहाटे पारा पुष्कळ खाली येतो, कालव्यावरून आणि भिजवलेल्या उसावरून धुके उठते, उसाला आलेले रुपेरी तुरे पहिल्या उन्हात पेटल्यासारखे दिसतात आणि हे सगळे वीस-पंचवीस मिनिटांत विरून जाते. त्या वेळात कॅमेऱ्याच्या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भिंगातले छिद्र, ज्यातून प्रकाश आत येतो; शटरचा वेग, म्हणजे तो प्रकाश किती काळ आत येऊ द्यायचा; आणि आयएसओ, म्हणजे आत आलेल्या प्रकाशाला यंत्राने किती वाढवून घ्यायचे त्याचे माप. यांतल्या छिद्राच्या आकड्याने नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो, कारण तो भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून काढलेला असल्याने आकडा मोठा होतो तसे छिद्र लहान होत जाते: २.८ वरून ४ वर गेले की प्रकाश निम्मा होतो. लेखिकेला मात्र हे लगेच पटले, कारण आपल्याकडच्या जुन्या क्रमांकाच्या सुयांचेही तसेच आहे. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर १२ नंबरची पावणेतीन मिलिमीटरची, म्हणजे नंबर चढला की सुई बारीक.

छायाचित्रण हा पोटाच्या धंद्याबाहेरचा छंद म्हणून मराठी माणसांत फार लवकर रुजला. फ्रान्समध्ये १८३९ साली दाग्युएरची पद्धत जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली, तिच्या कार्यकारी मंडळावर पुढे डॉक्टर नारायण दाजी होते, म्हणजे भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू. वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून काचेवर ओले रसायन पसरवायचे आणि ते वाळण्याच्या आत चित्र घ्यायचे, हा त्या काळचा खटाटोप आजच्या माणसाला कल्पनेनेही दमवील. त्याची आठवण ठेवली म्हणजे हातातल्या मोबाईलने एका पहाटेत दोनशे चित्रे घेण्याची सवय आपोआप कमी होते. पूर्वी ३५ मिलिमीटरच्या रिळात ३६ चित्रे मिळत. लेखिकेने स्वतःसाठी तोच आकडा ठरवून घेतला आणि एका सुट्टीत ३६ च्या पुढे जायचे नाही असा नेम केला. छंदाचे जे माप पहिल्या परिच्छेदात सांगितले, ते इथे असे उपयोगी पडले.

या पहाटांमध्येच एक चूक अशी झाली, जी उलट नोंदीने किंवा उसवण्याने भरून येण्यासारखी नव्हती. बीड आणि पाथर्डीकडून येणारे ऊसतोड मजूर हंगामात पाचटाच्या कोपी उभारून राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते, आणि पहाटेच्या काळोखात चुली पेटवून ही माणसे फडात उतरतात. चुलीचा उजेड आणि धुके यांचे दृश्य मोहक असल्यामुळे लेखिकेने एका बाईचे छायाचित्र लांबून, न विचारता घेतले. ते पाहून त्या बाईने पदर पुढे ओढला आणि पाठ फिरवली. छायाचित्र उत्तम आले होते. तरीही ते ठेवणे अशक्य झाले आणि त्याच दिवशी ते काढून टाकले गेले. पुढच्या रविवारी कॅमेरा पिशवीतच ठेवून भेट झाली, बोलणे झाले, आणि नंतर त्या बाईनेच मुलांना न्हाऊमाखू घालून, नवी कापडे घालून चित्र काढायला उभे केले. सगळी मुले ताठ, हात शरीराला चिकटलेले, नजर समोर. कलेच्या कसोटीवर ते पहिल्या चित्राच्या जवळही जात नाही. त्याच्या ४ बाय ६ इंची प्रती आठवड्याच्या आत पोहोचवल्या गेल्या, कारण फड संपला की कोपी मोडतात आणि माणसे पुढच्या गावाला जातात.

तिसरा छंद समजावून सांगायला सर्वांत अवघड जातो. संगणकावरची चिकटवही म्हणजे पडद्यावर कोरे पान घेऊन त्यावर छायाचित्रे, जुन्या पत्रांच्या व वस्तूंच्या प्रतिमा आणि मजकूर यांची रचना करणे, आणि अशी पाने जोडून घराची किंवा प्रसंगाची नोंद तयार करणे. पाश्चात्य देशांत कागदावरच्या वह्यांतून ही पद्धत आली, हे खरे. परंतु आपल्याकडे तिचा पूर्वज ‘बाड’ आहे. जुन्या घरांत सापडणाऱ्या हस्तलिखित बाडांत अभंग, आरत्या, औषधांचे काढे, देण्याघेण्याची टाचणे आणि मुलांच्या जन्मवेळा एकाच शिवणीत बांधलेल्या असतात. ज्याला जे टिकवावेसे वाटले ते त्याने त्यात घातले. त्यानंतर काळ्या जाड पानांचा, मध्ये पातळ पारदर्शक कागद घातलेला आणि चित्रांचे कोपरे खोबणीत अडकवण्याचा अल्बम आला. बाड आणि अल्बम या दोन्हींची जागा आता ही वही घेते.

तिचे तंत्र थरांवर उभे आहे. थर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखी पाने. एका थरावर पार्श्वभूमी, दुसऱ्यावर छायाचित्र, तिसऱ्यावर अक्षरे, आणि कोणताही थर इतरांना धक्का न लावता हलवता येतो. १२ इंची चौरस पान छापण्यायोग्य करायचे तर इंचाला ३०० बिंदू धरून ३,६०० गुणिले ३,६००, म्हणजे १ कोटी २९ लाख ६० हजार बिंदू लागतात. आणि चूक? ती एका कळीने नाहीशी होते, मागे वळी राहत नाही, उलट नोंदही राहत नाही. सुरुवातीला हे वरदान वाटले. पुढे ध्यानात आले की, ज्या कामात चुकीला काहीच किंमत पडत नाही ते काम संपत नाही. एका पानावर छायाचित्र डावीकडे की उजवीकडे, यात तीन-तीन रात्री गेल्या. अखेर विणकामाचा कायदा इथे लावावा लागला: दहा ओळी विणल्यावर जसे मागे वळून मोजतात, तसे पान दहा वेळा बदलले की ते बंद करायचे आणि तारीख घालायची.

नाश मात्र इथे दुसऱ्या वाटेने येतो. जुन्या पानांवरचा मराठी मजकूर ज्या टंकांत लिहिला होता ते टंक नव्या संगणकात नसल्यामुळे आजी-आजोबांच्या नावांच्या जागी अर्थहीन चिन्हांच्या ओळी दिसू लागल्या. युनिकोड या जागतिक सांकेतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे आणि त्या पद्धतीने लिहिलेले अक्षर कोणत्याही यंत्रावर वाचता येते, ही माहिती लेखिकेला उशिरा झाली. एकदा दुरुस्तीला दिलेल्या संगणकाची तबकडी कोरी होऊन परत आली आणि दोन वर्षांची पहाट गेली. तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर नातलगांकडे, असा नियम पाळला जातो; आणि वर्षाकाठी निवडक पाने कागदावर छापली जातात, कारण कागदाला वीजही लागत नाही आणि टंकही लागत नाही.

तिन्ही छंद एकमेकांना खऱ्या अर्थाने भेटले ते एका जुन्या स्वेटरमुळे. सासूबाईंनी थोरल्या नातवासाठी विणलेला मोरपंखी रंगाचा, खऱ्या लोकरीचा तो स्वेटर कोपरांवर विरला होता आणि त्याच लोकरीतून धाकट्या घरातल्या बाळासाठी कुंची आणि झबले करावे, असे त्यांनीच सुचवले. उसवल्याशिवाय लोकर मिळणार नव्हती आणि उसवला की त्यांच्या हातची ती वीण, एका बाहीवरच्या चुकलेल्या उलट टाक्यासकट, जगातून जाणार होती. म्हणून आधी रविवारी सकाळी ओसरीत पूर्वेच्या तिरप्या उजेडात स्वेटर अंथरून त्याची छायाचित्रे घेतली गेली, कारण समोरून पडलेल्या उजेडात वीण सपाट दिसते आणि तिरप्या उजेडात प्रत्येक टाका आपली सावली घेऊन उभा राहतो. मग सासूबाईंनी शेवटचा टाका सोडला आणि धागा ओढायला सुरुवात केली; लेखिका समोर बसून गुंडा करीत होती. चुकलेल्या टाक्याची ओळ आली तेव्हा त्या थांबल्या, तो टाका बोटाने दाखवला, त्या दिवशी वीज गेली होती आणि कंदिलाच्या उजेडात विणत होते एवढेच म्हणाल्या, आणि पुन्हा ओढू लागल्या. लडी धुऊन टांगली, वळ्या पुष्कळशा निघाल्या, काही राहिल्या. त्या रात्री चिकटवहीत जे पान तयार झाले त्यावर डावीकडे स्वेटर, उजवीकडे दोरीवर टांगलेली ओली लडी आहे, आणि खाली युनिकोडमधल्या साध्या अक्षरांत लोकरीचा रंग, सुयांचा नंबर, टाक्यांची संख्या, कंदिलाची ती गोष्ट आणि तारीख लिहिलेली आहे. झबल्यासाठी उजवीकडे थोडी जागा मोकळी ठेवली आहे. त्याचा पाठीचा भाग विणून झाला आहे, बाह्या व्हायच्या आहेत.